झेन आणि मायक्रोकोड : बूट होतानाच प्रोसेसरची डागडुजी

प्रोसेसर एकदा कारखान्यातून बाहेर पडला की त्यात बदल नाही, असा आपला समज असतो. १९९४ साली पेंटियमच्या भागाकारात चूक सापडली तेव्हा तसंच होतं. चिपा बदलून देण्यापायी इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा भुर्दंड पडला. पुढच्या वर्षीच्या पेंटियम प्रोपासून मात्र मायक्रोकोडला ठिगळ लावायची सोय आली. गंमत म्हणजे हे ठिगळ वीज गेली की गेलं! दर बूटला ते नव्याने चढवायचं.

हे काम बायोस करतो, पण जुन्या मदरबोर्डला नवा बायोस कोण देणार? मग ऑपरेटिंग सिस्टिम करते. झेन हायपरवायझरमध्ये घोळ होतो तो इथेच. आधी उठतो झेन. आपलं लिनक्स (डोम-झीरो) त्याच्या हाताखाली चालतं आणि प्रोसेसरच्या पोटात त्याला हात घालता येत नाही.

लॅबच्या सर्व्हरवर आम्ही मायक्रोकोडचं पॅकेज टाकलं, रीबूट केलं. रिव्हिजन नंबर ढिम्म! वाचल्यावर कळलं की लिनक्सच्या इनिटरॅमएफएसच्या तोंडाशी एक साधी, न दाबलेली सीपीआयओ फाइल असते, मायक्रोकोड तिच्यात. झेनला ती वाचता येते, पण 'यूकोड=स्कॅन' असं सांगावं लागतं. आम्ही ते सांगितलं ग्रबच्या लिनक्सच्या ओळीत! ते गेलं डोम-झीरोच्या कर्नलकडे आणि त्याने दुर्लक्ष केलं. दोन नाईट आउट त्यात गेले. ओळ हवी 'ग्रब-सीएमडीलाइन-झेन' ही. तिच्यापुढे 'डीफॉल्ट' जोडलं तर रिकव्हरी मोडला लागू होत नाही, एवढं ध्यानात ठेवा. मग 'अपडेट-ग्रब', रीबूट, आणि 'एक्सएल डीमेसेज'मध्ये मायक्रोकोडची ओळ शोधा.

एवढा खटाटोप कशाला? जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर जाहीर झालं. एका व्हर्च्युअल मशीनमधून दुसऱ्याची मेमरी चोरून वाचण्याची वाट उघडी पडली. आपल्या लॅबमध्ये एकाच सर्व्हरवर सगळ्यांची मशीन्स असतात, म्हणजे बघा! ती वाट अडवणाऱ्या काही सोयी मायक्रोकोडमधूनच आल्या. त्या आहेत का, हे झेन बूट होतानाच पाहतो. म्हणून मशीन उठल्यावर ठिगळ लावणं कमी उपयोगाचं.

मात्र त्याच महिन्यात त्या पहिल्या मायक्रोकोडने मशीन्स आपोआप रीबूट होऊ लागली आणि २२ जानेवारीला इंटेलनेच तो वापरणं थांबवायला सांगितलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर मशीन पूर्ण बंद करा, ग्रबच्या मेनूत 'ई' दाबा, 'यूकोड=स्कॅन' खोडा आणि बूट करा. बायोसमधला जुना मायक्रोकोड तेवढा उरेल.