गोळी, दारू आणि विसरभोळेपणा

बंदीचे दिवस आहेत, १ जून ते ३१ जुलै बोटी किनाऱ्याला. जाळी दुरुस्त करण्यापलीकडे काम नाही आणि काहींची 'बैठक' दुपारीच सुरू होते. म्हणून हा अवघड विषय आत्ताच घेतोय.

१ एप्रिल २००४ पासून सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची एआरटी औषधं मोफत सुरू झाली. पहिल्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. होतं. तेव्हा पस्तिशी-चाळिशीत गोळ्या सुरू केलेले लोक आज साठीकडे आलेत. केवढी मोठी गोष्ट! पण आता नवीन दुखणं दिसतं, विसर पडण्याचं.

ज्याला खडकांच्या खुणा तोंडपाठ, तो तांडेल डिझेलचा हिशोब दोनदा चुकतो. घरचे म्हणतात, वय झालं. शेजारी म्हणतात, पितो ना! गोष्ट एवढी सोपी नाही. एचआयव्ही मेंदूत लवकर पोचतो. गोळ्यांनी रक्तातला विषाणू दबला तरी काहींच्या मेंदूत बारीक सूज राहते. त्यात दारू पडली की आठवण, हिशोब, तोल सगळ्यावर परिणाम. पिणारा नीट जेवत नाही, बी-१ जीवनसत्त्व कमी पडतं, त्यानेही विसर वाढतो. आणि खरी अडचण पुढे आहे: विसरणारा माणूस गोळीच विसरतो. गोळ्या चुकत गेल्या की विषाणू परत डोकं वर काढतो.

बरेच जण तर मुद्दाम चुकवतात. "आज घेतलीय, गोळी नको, विष होईल." हे चूक आहे. प्यायलात त्या दिवशीही गोळी वेळेवर घ्या. दारू कमी करायचीच, पण गोळी सोडून नाही. छातीत जळजळतं म्हणून अ‍ॅसिडिटीचं औषध घेत असाल तर एआरटीच्या डॉक्टरांना सांगा. आता मिळणाऱ्या डोल्युटेग्रावीरच्या गोळीसोबत काही अँटासिड एकदम घेतलं तर गोळी अंगी लागत नाही, मध्ये काही तास जावे लागतात.

वहिनी, मावशी, तुम्हाला एक सांगणं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका रात्रीत तोडू नका. हात थरथरतात, भास होतात, फिट येते, जीवावर बेतू शकतं. आधी दवाखान्यात न्या. तिथे विसरण्याबद्दलही बोला. साखर, थायरॉईड, बी-१२, मनाची उदासी, यातलं काही निघालं तर उपचार होतो.

नाखवा लोकांनो, आजारामुळे माणसाला बोटीवरून काढणं २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात बसत नाही. त्याच्या संमतीशिवाय बंदरावर बोलणंही नाही. विसर पडत असेल तर सुकाणू दुसऱ्याकडे द्या, त्याला जाळ्याचं काम द्या. लांबच्या फेरीला गोळ्या चार दिवसांच्या जास्त, पाणी न शिरणाऱ्या डब्यात.

काही विचारायचं असेल तर १०९७ वर फोन करा, पैसे लागत नाहीत. आमच्याकडे आलात तरी नाव बाहेर जाणार नाही.