लाल रेघ आणि खोटा इशारा

मराठीत टाइप करताना माझ्या आडनावाखाली लाल रेघ येते. शाळेपासून येते आहे, त्यामुळे आता ती मला दिसतच नाही. तोटा नेमका इथेच आहे. त्याच ओळीत मी ‘आशीर्वाद’चा ‘आर्शिवाद’ केला, तर तिथली लाल रेघही मला दिसत नाही.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडेही अशी रेघ ओढणारं साधन असतं. त्याला लिंटर म्हणतात. तो प्रोग्रॅम चालवून बघत नाही, नुसता वाचतो आणि संशयाच्या जागा दाखवतो. पहिला ‘लिंट’ स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये सी भाषेसाठी केला. लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेली लव, झटकून टाकायची. चूक नसलेल्या जागी लिंटरने बोट दाखवलं तर त्याला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात. मी त्याला खोटा इशारा म्हणेन. खरी चूक त्याच्या नजरेतून सुटली तर तो फॉल्स निगेटिव्ह. दोन्ही एकदम शून्यावर आणता येत नाहीत, कारण प्रोग्रॅम चालताना काय करेल हे प्रत्येक प्रोग्रॅमबाबत बिनचूक सांगणारी रीतच असू शकत नाही. हेन्री राइस यांचा १९५३ सालचा सिद्धान्त हेच सांगतो.

सिद्धान्त राहू दे, माझी फजिती सांगते. आपल्या अंकाची पानं जुळवणारा छोटा प्रोग्रॅम मी पायथनमध्ये लिहिला आहे. कवितेचा साचा एका फाइलमध्ये, कथेचा दुसरीत. मुख्य फाइल अशा सगळ्या फाइल फक्त ‘इम्पोर्ट’ करते. तेवढ्यानेच ते साचे आपली नोंद करतात, पुढे त्यांची नावं कुठेही लागत नाहीत. फ्लेकएट हा लिंटर मात्र दर वेळी बजावायचा: इम्पोर्ट केलंत, वापरलं नाहीत, एफ४०१. ओळ काढली तर कविता छापल्याच जाणार नाहीत! हा सरळसरळ खोटा इशारा. मी वैतागले आणि फाइलच्या डोक्यावर ‘फ्लेकएट: नोक्यूए’ अशी ओळ टाकली. म्हणजे या अख्ख्या फाइलबद्दल गप्प बस.

तो गप्प बसला. दोन महिन्यांनी, अंक निघायच्या आदल्या रात्री, लेखकाचा फोटो नसलेली पहिली कविता आली आणि प्रोग्रॅम कोसळला. फोटो नसेल तर काय करायचं, त्या ओळीत एका नावाचं स्पेलिंग मी चुकवलं होतं. पायथनला अशी चूक ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत कळत नाही. लिंटरला वाचताक्षणी कळली असती. एफ८२१, नाव अस्तित्वात नाही. पण त्याचं तोंड मीच बांधलं होतं.

खोट्या इशाऱ्यावरचा चुकीचा उपाय तो हा. बरोबर उपाय अरुंद असतो: त्याच एका ओळीपुढे ‘नोक्यूए: एफ४०१’ लिहायचं. फक्त इथे, फक्त या कारणासाठी. बाकी सगळं त्याने बघत राहावं.

हा झाला लिंटर वापरणाऱ्याचा उपाय. लिंटर बनवणाऱ्याला मात्र नियमच दुरुस्त करावा लागतो, आणि मला खरी गंमत तिथे वाटली. फ्लेकएटच्या पोटात पायफ्लेक्स नावाचा लिंटर आहे. शैलीबद्दल बोलायचं नाही आणि खोटा इशारा द्यायचा नाही, असा त्याचा बाणा. न वापरलेल्या चलांचा त्याचा नियम बघा. फंक्शनमध्ये एखाद्या चलात किंमत ठेवली आणि पुढे तो चल कुठेच वाचला नाही, की इशारा. पण पायथनमध्ये ‘लोकल्स’ अशी सोय आहे. ती बोलावली की फंक्शनमधले सगळे चल एकगठ्ठा हाती येतात, आणि अवतरणचिन्हांतल्या मजकुरात नावानिशी भरता येतात. लिंटर अवतरणचिन्हांच्या आत वाचत नाही, म्हणून त्याला ते चल बिनकामाचे वाटणार. पायफ्लेक्सने नियम काढून टाकला नाही. त्याला फक्त एक अपवाद जोडला: ज्या फंक्शनमध्ये ‘लोकल्स’ची हाक आहे, त्याच फंक्शनच्या न वापरलेल्या चलांबद्दल बोलायचं नाही.

त्यासाठी चाचण्या दोन आहेत, हे महत्त्वाचं. एकीत हाक त्याच फंक्शनमध्ये आहे, तिथे लिंटरने गप्प राहायला हवं. दुसरीत हाक बाहेरच्या फंक्शनमध्ये आणि न वापरलेला चल आतल्या फंक्शनमध्ये, तिथे त्याने बोलायलाच हवं. पहिलीच चाचणी लिहिली असती तर नियम पूर्ण बंद करूनही ती पास झाली असती! अर्थात या अपवादाची किंमत आहेच. ‘लोकल्स’ असलेल्या फंक्शनमधला खरोखरच बिनकामाचा चल आता सुटून जातो. ती किंमत त्यांनी जाणूनबुजून मोजली.

आणखी एक दुरुस्ती मला भाषेची विद्यार्थिनी म्हणून फार आवडली. दुसऱ्या फाइलमधली सगळी नावं तारांकन टाकून एकदम आणता येतात. मग कुठलं नाव आलं आणि कुठलं नाही, हे ही फाइल वाचून कळणं शक्य नसतं. अशा वेळी पायफ्लेक्स ‘हे नाव नाही’ असं म्हणत नाही. ‘हे नाव नसावं, किंवा त्या फाइलमधून आलं असावं’ अशा अर्थाचं बोलतो, आणि फ्लेकएट त्याला वेगळा क्रमांक देतो, एफ४०५. व्याकरणाच्या तासाला आपण ‘नाही’ आणि ‘नसावे’ यांतला फरक परीक्षेपुरता पाठ करतो. इथे तोच फरक एका खोट्या इशाऱ्याला खरा करतो: जेवढं माहीत आहे तेवढंच म्हणायचं.

अंक निघाल्यावर मी ती डोक्यावरची ओळ काढली. अकरा इशारे आले. नऊ साच्यांचे होते, त्यांच्यापुढे एकेक क्रमांक लिहून टाकला. दहावा म्हणजे तेच चुकलेलं स्पेलिंग. त्या रात्री मी फक्त कवितेची बाजू दुरुस्त केली होती, कथेच्या बाजूला तीच चूक तशीच पडून होती. अकरावा एका न वापरलेल्या चलाचा आहे. तो मी कशासाठी लिहिला होता ते मला आठवत नाही, म्हणून अजून काढलेला नाही आणि त्याचं तोंडही बांधलेलं नाही.