दृष्टीचा उपचार आणि सब्र : स्वतःच्याच पेशींच्या रोपणाविषयी



गेल्या महिन्यात जुमाच्या नमाजनंतर राहुरीकडील एक गृहस्थ मशिदीत थांबले. त्यांच्या खिशातील तंबाखूच्या चुन्याची नळी सहा वर्षांच्या मुलाने खेळता खेळता दाबली आणि चुना उजव्या डोळ्यात उडाला. त्यास वर्ष होऊन गेले. आता त्या डोळ्यावर पांढरट पडदा व लाल शिरा चढल्या आहेत. डॉक्टरांनी पेशींचे रोपण सुचविले. परंतु घरातील वडीलधाऱ्यांनी मृताचे अंग लावणे जायज नाही, सब्र करावा, असे सांगितले आणि उपचार थांबला.

या उपचारात मृताचा संबंधच नाही, हे मला प्रथम स्पष्ट करावयाचे आहे.

बुबुळावरील पारदर्शक पडद्यास पारपटल म्हणतात. त्याचा वरचा थर सतत झिजतो व नव्याने भरून येतो. तो भरून काढणाऱ्या मूळपेशी पारपटल आणि डोळ्याचा पांढरा भाग यांच्या सीमेवरील कड्यात असतात. चुना खोलवर जाळतो व हे कडेच नष्ट करतो. मग पांढऱ्या भागाची त्वचा आत सरकते. अशा डोळ्यावर नुसते नवे पारपटल बसविले तरी ते टिकत नाही, कारण त्यास जोपासणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात.

म्हणून त्याच रुग्णाच्या निरोगी डोळ्याच्या कडेतून सुमारे दोन मिलिमीटरचा तुकडा घेतात, प्रयोगशाळेत साधारण दोन आठवडे वाढवितात आणि तयार झालेला थर जखमी डोळ्यावर ठेवतात. इटलीत ग्राझिएला पेलेग्रिनी व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याचे पहिले यश प्रसिद्ध केले. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंदर सांगवान यांच्या चमूने २०११ मध्ये दोनशे रुग्णांचा वृत्तान्त मांडला. त्यांपैकी ७१ टक्क्यांमध्ये पृष्ठभाग स्थिर राहिला. पुढे याच चमूने प्रयोगशाळाही वगळली : तुकड्याचे बारीक कण थेट डोळ्यावर ठेवून तेथेच वाढू देण्याची ही पद्धत २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. लहान मुलांत यश कमी येते, हेही पित्यास सांगणे माझे कर्तव्य होते.

आता शरीअतचा प्रश्न. मृताच्या नेत्रदानाविषयी भारतातील उलेमांत मतभेद आहेत, तो विषय येथे उघडत नाही. परंतु एकाच व्यक्तीच्या शरीराचा अंश त्याच शरीरात दुसरीकडे लावण्यास जेद्दाहच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने फेब्रुवारी १९८८ मध्ये अनुमती दिली आहे. त्यासाठी लाभ हानीपेक्षा अधिक असावा, अशी अट आहे. निरोगी डोळ्यातून घेतलेला तुकडा अतिशय लहान असल्याने तेथील जखम भरून येते. पाकीचा प्रश्न मात्र रास्त आहे. इटलीच्या पद्धतीत उंदराच्या पेशींचा आधार व वासराच्या रक्ताचे सीरम वापरले जाई. हैदराबादच्या त्या दोनशे रुग्णांत प्राणिजन्य द्रव्य टाळून रुग्णाचेच सीरम वापरले होते. आपण आपल्या डॉक्टरांना हे निःसंकोच विचारावे. पेशी ज्या पातळ पडद्यावर वाढवितात तो बाळंतपणानंतर, आईच्या संमतीने घेतलेल्या वारेचा असतो.

राहिला सब्र. दृष्टी गमावूनही धीर धरणाऱ्यास जन्नतचे आश्वासन सहीह बुखारीत आहे, हे खरे. परंतु त्याच ग्रंथात प्रत्येक आजारासोबत शिफा उतरविल्याचेही सांगितले आहे, आणि अबू दाऊदमध्ये प्रेषित (स.) यांनी उपचार करण्यास सांगितल्याची नोंद आहे. युद्धात नाक गमावलेल्या हजरत अर्फजा (र.) यांनी चांदीचे नाक बसविले, त्यास दुर्गंधी येऊ लागल्यावर प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे बसविण्यास सांगितले. सोने पुरुषांस एरवी वर्ज्य असूनही! उपचारानंतर जे उरेल त्यावर सब्र करावा. उपचाराच्या जागी सब्र ठेवणे हा त्याचा अर्थ मला तरी कोठे आढळला नाही. मुलाच्या बाबतीत तर विलंब फार महाग पडतो : झाकलेल्या डोळ्याने पाहणे मेंदू कायमचे विसरू शकतो. दाह शमेपर्यंत थांबावे लागते, पण ते किती, हे तपासणीनंतर डॉक्टरांनीच ठरवावयाचे.

दोन्ही डोळे जळले असतील तर आप्ताच्या पेशी किंवा रुग्णाच्याच तोंडातील त्वचेच्या पेशी वापरतात. तेथे मसला वेगळा आहे, स्वतंत्रपणे विचारावा.

आपल्या जिल्ह्यात चुना केवळ पानतंबाखूत नाही. रंगकामात आहे, साखर कारखान्यात उसाचा रस निवळण्यासाठीही आहे. तो डोळ्यात गेला तर तूप, दूध, मध काहीही घालू नये. सुरमा सुन्नत असला तरी भाजलेल्या डोळ्याचे औषध नव्हे. तत्काळ स्वच्छ पाण्याची धार धरावी, पापणी उलटून कण काढावेत, किमान अर्धा तास धूत राहावे आणि मगच दवाखान्यास निघावे. मशिदीच्या वुजूखान्याचा नळ जवळ असेल तर तेथेच धुवावा, परवानगीची वाट पाहू नये.