‘क्रॉनिक’ म्हणजे काय?

बिदर जिल्ह्याच्या या सीमाभागात तीस वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करताना मी चार भाषा वापरीत आलो. रुग्णाशी मराठी किंवा कन्नड, बाजारात दखनी, आणि केसपेपरवर इंग्रजी. या चौथ्या भाषेतील विशेषणे आपण सर्वांनी महाविद्यालयात पाठ केली. ती समजून घेतली, असे मात्र निदान मला तरी म्हणवत नाही. एका रुग्णाने ही उणीव माझ्या ध्यानात आणून दिली.

भालकी तालुक्यातील एका वृद्ध शेतकऱ्याच्या कागदावर मी ‘क्रॉनिक ब्राँकायटिस’ असे निदान लिहिले, बिडी सोडावयास सांगितले आणि औषध दिले. पुढील तारखेस ते आले नाहीत. तीन महिन्यांनी त्यांचा मुलगा आला, तो औषधासाठी नव्हे. जमिनीची वाटणी करावयाची होती आणि वडील शुद्धीवर असल्याचा दाखला हवा होता. शाळकरी नातवाने कागद वाचून ‘क्रॉनिक म्हणजे भयंकर’ असे सांगितले होते. “आता काय ऱ्हायलंय म्हणत्यात अप्पा. कशाला पैसा घालायचा, डाक्टरसाब?” औषध बंद झाले होते, बिडी मात्र चालूच होती.

ग्रीक भाषेत ‘क्रोनोस’ म्हणजे काळ. त्याला ‘इकोस’ हा प्रत्यय लागून झालेले विशेषण लॅटिन व फ्रेंचमधून इंग्रजीत आले. अर्थ एवढाच, की काळाशी संबंधित, दीर्घकाळ टिकणारा. रोग किती गंभीर आहे, याविषयी तो शब्द काहीच सांगत नाही. आपला ‘जुनाट’ हा शब्द त्याला अचूक आहे. उलट ‘अॅक्यूट’चे मूळ लॅटिनमधील ‘टोकदार’ या अर्थाचे. वैद्यकात त्याचा अर्थ अचानक उद्भवलेला. त्याचे भाषांतर आपण ‘तीव्र’ असे करतो आणि गोंधळात स्वतःची भर घालतो. औषधोपचारातून उद्भवलेल्या विकारास आपण ‘आयट्रोजेनिक’ म्हणतो, म्हणजे वैद्यापासून जन्मलेला. अप्पांचे भय त्याच जातीचे होते.

गंमत अशी, की हा ‘इक’ आपणास परका नाही. ग्रीक ‘इकोस’, लॅटिन ‘इकुस’ आणि संस्कृतातील ‘इक’ ही एकाच कुळातील भावंडे मानली जातात. शरीरावरून शारीरिक, दिनावरून दैनिक. फरक इतकाच, की आपल्याकडे प्रत्यय लागताच पहिला स्वर वाढतो. हृदयाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. ग्रीक ‘कार्डिया’, लॅटिन ‘कोर’ आणि संस्कृत ‘हृद्’ हे शब्द सगोत्र. त्यांपासून ‘कार्डियाक’, ‘कॉर्डियल’ आणि ‘हार्दिक’ ही विशेषणे झाली. पहिले अतिदक्षता विभागात नेते, उरलेली दोन लग्नपत्रिकेत!

इंग्रजीने अवयवांची नावे घरची ठेवली आणि विशेषणे उसनी घेतली. ‘किडनी’चे विशेषण लॅटिन ‘रीनल’, पण तिच्या दाहाचे नाव ग्रीक ‘नेफ्रायटिस’. युरोपात शरीररचनेचे ग्रंथ लॅटिनमध्ये लिहिले गेले (वेसालियसचा प्रसिद्ध ग्रंथ १५४३ चा), तर रोगांची जोडनावे घडविण्यास ग्रीक सोयीची पडली. नियम काटेकोर नाही. ‘हिपॅटिक’ धमनी ग्रीकच आहे. ‘आयटिस’विषयी मात्र आवर्जून सांगितले पाहिजे. हा मुळात विशेषणाचाच स्त्रीलिंगी प्रत्यय. ग्रीकमध्ये रोगाला ‘नोसोस’ म्हणतात आणि तो शब्द स्त्रीलिंगी. म्हणून ‘नेफ्रायटिस नोसोस’, म्हणजे वृक्काचा रोग. पुढे नाम गळाले, विशेषण उरले, आणि ‘दाह’ हा अर्थ पुष्कळ नंतर रूढ झाला.

ही ग्रीक विशेषणे आपल्याकडे इंग्रजांनीच आणली, असेही नाही. कलबुर्गी आणि बिदर या बहमनींच्या दोन्ही राजधान्या. येथील वृद्ध रुग्ण आजही कफाला ‘बलगम’ म्हणतात. तो शब्द ग्रीक ‘फ्लेग्मा’चाच अरबी अवतार आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक यांनी गेलनचे ग्रंथ भाषांतरित केले. अशा भाषांतरांतून युनानी वैद्यक उभे राहिले. ‘युनानी’ हे नावही ग्रीकांच्या ‘आयोनिया’ प्रांतावरून आलेले. इंग्रजीत ज्या प्रकृतीला ‘फ्लेग्मॅटिक’ म्हणतात, तिला हकीमसाहेब ‘बलगमी’ म्हणतात, आणि ‘मेलँकॉलिक’ला ‘सौदावी’. येथे ‘इक’चे काम एकटा ‘ई’ करतो. लंडनमार्गे येण्याआधी हा शब्द बगदादमार्गे आपल्या गल्लीत पोहोचला होता. माझ्या दवाखान्यात मात्र मी अनेक वर्षे त्याचे भाषांतर ‘स्प्युटम’ असे करीत होतो.

मुलाला दाखला न देता मी अप्पांनाच घेऊन येण्यास सांगितले. ते आले, खोकत आणि थोडे रागावून. तेव्हापासून इंग्रजी निदानाखाली मी रुग्णाच्या भाषेत एक ओळ लिहितो. त्यांच्या कागदावर लिहिले होते : ‘जुना खोकला. वर्षानुवर्षे राहतो. औषध चालू ठेवावे, बिडी बंद.’ पुढील सात वर्षे दर खेपेस अप्पा ती ओळ नातवाकडून माझ्यासमोर मोठ्याने वाचून घेत.