ऋतूंचा सुगंध आणि पाण्याची वाफ

चंडीगढ येथे थंडीच्या दिवसांत किन्नू हे फळ विपुल मिळते. संत्र्याच्या कुळातील हा संकर कॅलिफोर्नियात एच. बी. फ्रॉस्ट यांनी सिद्ध केला व १९३५ साली तो लागवडीसाठी उपलब्ध झाला. पुढे पंजाबच्या भूमीत तो उत्तम रुजला. फळ खाल्ल्यावर त्याची साल सामान्यतः टाकून दिली जाते. परंतु हीच साल दालचिनी व लवंग यांसह पाण्यात मंद आचेवर ठेवली असता घर दरवळून जाते. हे कसे घडते?

किन्नूच्या सालीवर जे बारीक ठिपके दिसतात, त्या तेलाच्या सूक्ष्म पिशव्या होत. साल कागदावर पिळली असता तेलकट डाग पडतो. काही वेळाने तो बहुतांशी नाहीसा होतो. गोडेतेलाचा डाग मात्र कायम राहतो. अशा रीतीने हवेत उडून जाणाऱ्या तेलास बाष्पनशील तेल म्हणतात. किन्नूच्या तेलात लिमोनीन, लवंगेच्या तेलात युजेनॉल आणि दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड हा प्रमुख घटक असतो.

लिमोनीन सुमारे १७६ अंश सेल्सियसला व युजेनॉल सुमारे २५४ अंशांना उकळते. पाणी तर चंडीगढला ९९ अंशांच्या आसपासच उकळते. कारण ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३२० मीटर उंच आहे. तरीही ही तेले बाहेर पडतात. पाणी व त्यात न मिसळणारे तेल एकत्र तापविले असता दोहोंच्या बाष्पदाबांची बेरीज होते. ही बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की मिश्रण उकळू लागते आणि वाफेबरोबर थोडे थोडे तेलही निघून जाते. अनेक सुगंधी तेले याच तत्त्वाने काढतात. तेथे वाफ थंड करून साठवितात; घरी ती खोलीत पसरू देतात, एवढाच भेद.

एक लिटर पाण्यात दोन किन्नूंची धुतलेली साल, दालचिनीचा बोटभर तुकडा व चार-पाच लवंगा घालाव्यात. उकळी येताच आच मंद करावी. अर्धा तास पुरेसा होतो. पाणी आटू देऊ नये. भांडे कोरडे पडल्यास साल करपून धूर होतो.

ऋतूप्रमाणे द्रव्ये बदलावीत. चंडीगढच्या झाकिर हुसेन गुलाब उद्यानाची स्थापना १९६७ साली झाली. तेथे फेब्रुवारीच्या सुमारास गुलाब बहरतात. सार्वजनिक उद्यानातील फुले तोडू नयेत. घरच्या गुलाबाच्या पाकळ्या आच बंद करण्यापूर्वी थोडा वेळ टाकाव्यात. पावसाळ्यात गवती चहा चालतो. उन्हाळ्यात चूल पेटविण्यापेक्षा वाळ्याचा ओला पडदा बरा. तो सुगंधाबरोबर गारवाही देतो.

मात्र सुगंधी हवा म्हणजे शुद्ध हवा नव्हे. थंडीमुळे दारे-खिडक्या बंद असताना ज्योत जळत राहिली, तर प्राणवायू कमी होतो व कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचू शकतो. त्यास वास नसतो. स्वयंपाकाच्या गॅसलाही मूळचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. दालचिनीच्या दरवळात तो वास झाकला जाऊ नये. म्हणून खिडकी किंचित उघडी ठेवावी, चुलीपासून दूर जाऊ नये आणि काम संपताच गॅसची कळ बंद करावी. घराला सुगंध देण्यापूर्वी घरात वारा खेळू देणे, हा पहिला नियम होय.