सात कोटी स्तूपांचा हिशेब

कॉस्टिंगच्या तासाला नगामागे खर्च काढायची सवय लागली की ती सुटत नाही. ग्रंथालयात ह्यूएनत्संगाचे प्रवासवर्णन चाळताना एक आकडा दिसला आणि वहीच्या मागल्या पानावर मी गणित मांडले. सातव्या शतकात मगधात, राजगृहाजवळच्या यष्टिवनात, जयसेन नावाचा विद्वान उपासक राहत असे. सुगंधी चूर्ण मळून तो पाच-सहा इंचांचे स्तूप करी व प्रत्येकात सूत्राचा लिहिलेला उतारा ठेवी. तीस वर्षांत असे सात कोटी झाले म्हणे! म्हणजे दिवसाला सुमारे 6,400. रात्रंदिवस हात चालला तरी तासाला 266. शिष्यांचे हात धरल्याशिवाय हा ताळा जुळत नाही. जमेची बाजू मात्र कोरी. सम्राट हर्षाने ओरिसातील ऐंशी गावांचे उत्पन्न देऊ केले, तेही त्याने नाकारले.

नालंदा, बोधगया, एवढेच काय, मुंबईजवळच्या कान्हेरीच्या लेण्यांतही साच्यातून काढलेल्या मातीच्या लहान मुद्रा सापडल्या आहेत. त्यांवर बहुधा एकच गाथा असते: जे कारणापासून उपजते त्याचे कारण व त्याचा निरोध तथागताने सांगितला. दगडी स्तूप राजाने बांधावा. माती कोणालाही मिळते.

तिबेटात ही प्रथा भारतातूनच गेली. तेथे या वस्तूला ‘त्सा-त्सा’ म्हणतात. शब्द मूळ भारतीय असावा, असे इटालियन पंडित तुच्ची यांचे मत. मला आपला ‘साचा’च आठवला. (कानडीत मात्र अच्चु!)

मुंडगोडला 1966 पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. दिवाळीच्या सुटीत हुबळीमार्गे तिकडे गेलो. एक वृद्ध भिक्षू पितळी साच्याला तेलाचे बोट फिरवून मातीचा गोळा दाबत होते. आत एक धान्याचा दाणा. मी कानडीत किंमत विचारली. ते हसले. विकायचे नसते, म्हणाले. मग सहज सांगावे तसे सांगितले की, या मातीत त्यांच्या आईची रक्षा मिसळली आहे.

मला काय बोलावे सुचेना. आमच्या आजोबांच्या अस्थी नरसोबाच्या वाडीला कृष्णेत सोडल्या, तेव्हा परतीच्या एस.टी.चे पैसे मीच मोजत होतो.

त्यांनी साचा माझ्या हाती दिला. घाईने उचकटला तशी मूर्ती खांद्यापाशी मोडली. मी ओशाळलो. त्यांनी तुकडे गोळ्यात परत मळले आणि पुन्हा माझ्यापुढे केले. दुसऱ्या खेपेची मूर्ती बरी उतरली, एक कान तेवढा नीट उठला नाही. त्यांनी ती इतरांच्या रांगेत फळीवर सुकायला ठेवली.