विद्युतरोधी बसबार : रचना, जोडणी आणि दक्षता

भारत व सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी झालेल्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना आकारास आला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. अशा कारखान्यात वीज खंडित होणे म्हणजे केवळ उत्पादन थांबणे नव्हे. झोतभट्टीचे शीतजल अल्पकाळ जरी थांबले, तरी भट्टीत उष्ण हवा सोडणाऱ्या तांब्याच्या तोट्या जळण्याचा आणि कामगारांच्या जिवावर बेतण्याचा धोका असतो. म्हणूनच वीज वाहून नेणाऱ्या बसबारची रचना समजून घेणे उद्‌बोधक ठरेल.

बसबार कशासाठी?

भिलाई येथे एनटीपीसी व सेल यांच्या संयुक्त कंपनीचे प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच आहेत. या क्षमतेचा संच १६.५ किलोव्होल्ट दाबाने आणि ०.८५ शक्तिगुणकाने चालतो असे धरल्यास प्रत्येक फेजमधून सुमारे १०,३०० अँपिअर प्रवाह वाहतो. एवढ्या प्रवाहासाठी केबलींचे जुडगे गैरसोयीचे ठरते. तेथे तांब्याच्या वा ॲल्युमिनिअमच्या भरीव पट्ट्या किंवा पोकळ नळ्या वापरतात. ॲल्युमिनिअमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असली, तरी त्याची घनता तांब्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी असते.

दोन प्रकारची रचना

जनित्र व रोहित्र यांना जोडणाऱ्या बसबारमध्ये प्रत्येक फेजचा वाहक ॲल्युमिनिअमच्या स्वतंत्र आवरणात, विद्युतरोधकांवर आधारलेला असतो. त्यामुळे दोन फेजमध्ये मंडलसंक्षेप होण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. कमी दाबाच्या वितरणात मात्र पॉलिएस्टर पटल किंवा इपॉक्सीचा लेप असलेल्या पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटवून बसवितात. मध्ये हवेची पोकळी नसल्याने उष्णता बाहेरील आवरणाकडे सहज जाते.

जोडणी : खरी कसोटी

बहुतेक बिघाडांचे मूळ सांध्यात असते. २,००० अँपिअर प्रवाह वाहत असताना सांध्याचा रोध १० मायक्रोओहम असेल, तर तेथे ४० वॉट उष्णता निर्माण होते. तोच रोध १०० मायक्रोओहम झाल्यास ४०० वॉट! ॲल्युमिनिअमवर हवेत तत्काळ ऑक्साइडचा थर जमतो. म्हणून पृष्ठभाग स्वच्छ करून त्यावर संपर्कलेप लावावा किंवा कथिलाचा वा चांदीचा मुलामा दिलेले पृष्ठभाग जोडावेत. बोल्ट अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने, निर्मात्याने ठरविलेल्या बलानेच आवळावेत. तापमान ५० अंशांनी वाढल्यास ३० मीटर लांबीचा ॲल्युमिनिअम वाहक सुमारे ३५ मिलिमीटर लांबतो. ही वाढ सामावण्यासाठी लवचिक प्रसरण-सांधे आवश्यक असतात.

वीजप्रवाह सोडण्यापूर्वी मेगरने विद्युतरोध, सूक्ष्म-ओहममापकाने सांध्यांचा रोध, फेजचा क्रम आणि आवरणाची भूजोडणी तपासावी. प्रवाह सुरू झाल्यावर अवरक्त कॅमेऱ्याने तापलेला सांधा वेळीच ओळखता येतो. दुरुस्तीपूर्वी मात्र पुरवठा तोडणे, कुलूप लावणे, दाब नसल्याची खात्री करणे आणि भूजोडणी करणे, हा क्रम कधीही मोडू नये. पोलादनगरीची भट्टी अखंड धगधगत राहते, त्यामागे सांधा काळजीपूर्वक आवळणाऱ्या अशा तंत्रज्ञाचाही वाटा असतो.